ऑर्थोची असिस्टंट व्हायचं तर

सांगलीच्या आमच्या दवाखान्याच्या पाटीवर 'ऑर्थोडॉन्टिस्ट' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्यामुळे महिन्यातून एक-दोन आजोबा तरी गुडघा धरून जिना चढून यायचे. "ऑर्थो म्हणजे हाडांचेच ना?" मी त्यांना बसवायचे, पाणी द्यायचे आणि सांगायचे, "आजोबा, इथं फक्त दात सरळ करतात."

मी तिथं लागले ती रिसेप्शनला. बारावी झाली होती, कॉम्प्युटर येत होता, बस. तिसऱ्या आठवड्यात असिस्टंट ताई लग्नाच्या सुट्टीवर गेली आणि मॅडमनी माझ्या हातात ग्लोव्हज दिले. त्याला आता अकरा वर्षं झाली. मधल्या काळात मी पुण्यात आले, तीन दवाखाने पाहिले, नव्या मुलींना शिकवलं. प्रत्येक मुलगी त्याच त्या जागी अडखळते, म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय.

१. हे काम कुठं मिळतं ते आधी समजून घ्या

तारा लावणारे डॉक्टर म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस केलेले. आपल्याकडे त्यातले बरेचसे फिरते असतात. मंगळवारी एका दवाखान्यात, बुधवारी दुसऱ्या, शनिवारी तिसऱ्या. दवाखाना साध्या दातांच्या डॉक्टरांचा असतो आणि ठरलेल्या वारी 'ऑर्थोचा दिवस'. त्या संध्याकाळी पाच ते नऊमध्ये वीस-बावीस पेशंट, खुर्ची एक किंवा दोन. एरवी त्या दवाखान्यात रूट कॅनल, कॅप, दात काढणं हे चालू असतंच.

दुसरा प्रकार म्हणजे फक्त ऑर्थोचा दवाखाना. तिथं दिवसभर तारा, अलाइनर (तारांऐवजी घालायचे पारदर्शक साचे), रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर टिकवणारी प्लेट किंवा तार). तिसरा, दंत महाविद्यालयाचा विभाग.

नवख्या मुलीनं पहिलं वर्ष साध्या दवाखान्यात, पण ऑर्थोचा दिवस असलेल्या ठिकाणी काढावं, असं माझं मत आहे. हत्यारं धुणं, सक्शन (थुंकी ओढून घेणारी नळी) धरणं, एक्सरे लावणं, घाबरलेल्या पोराला बसवणं हे तिथं रोज होतं. थेट ऑर्थोच्या दवाखान्यात गेलात तर वेग एवढा असतो की कोणाला शिकवायला वेळ नसतो.

२. कोर्स करायचा का?

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानं डॉक्टरांखेरीज दोन जणांची नोंदणी ठरवून दिली: डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक. दोन्ही दोन वर्षांचे कोर्स. हायजिनिस्ट दात साफ करतो, मेकॅनिक लॅबमध्ये कवळ्या आणि प्लेट बनवतो, आणि दोघांचीही राज्याच्या दंत परिषदेकडे नोंद होते. २०२३ साली संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला, त्यामुळे प्रवेश घेताना त्या वर्षीचे नियम बघूनच पैसे भरा.

खुर्चीशेजारी उभी राहणारी असिस्टंट बहुतेक ठिकाणी कामावरच तयार होते. आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा डेंटल असिस्टंटचा अभ्यासक्रम आहे, तो केला तर पाया पक्का होतो. पण गल्लीतल्या 'शंभर टक्के नोकरी' वाल्या क्लासला पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्रावर कोणाचा शिक्का असतो? खऱ्या पेशंटसमोर किती दिवस उभं करता? मागच्या बॅचची एखादी मुलगी सध्या कुठं काम करते, तिच्याशी बोलता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली की पर्स उघडू नका. माझ्या एका मैत्रिणीनं वीस हजार भरले आणि तिला प्लॅस्टिकच्या जबड्यापलीकडे काही दाखवलं नाही.

३. कागदपत्रं आणि लस

एका फाइलमध्ये हे तयार ठेवा:

- दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि शाळा सोडल्याचा दाखला
- आधार, पॅन, बँकेचं पासबुक
- चार पासपोर्ट फोटो
- आधीच्या नोकरीचं पत्र असेल तर ते
- हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसीची नोंद

शेवटचं कोणी विचारत नाही, म्हणून तुम्हीच विचारा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार या दोन्ही लसी कर्मचाऱ्यांना देणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: आज, एका महिन्यानं, सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांत रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली का ते बघतात. मुलाखतीत "लस कधी मिळेल?" असं विचारलं की समोरच्या डॉक्टरांचा चेहरा नीट बघा. दवाखाना कसा आहे ते तिथंच कळतं.

४. पहिला महिना: आकडे पाठ करा

दातांना नावं नसतात, नंबर असतात. तोंडाचे चार भाग: पेशंटचा उजवा वरचा १, डावा वरचा २, डावा खालचा ३, उजवा खालचा ४. मग मधल्या दातापासून मागं मोजत १ ते ८. वरचा उजवा सुळा 'वन थ्री', त्याला तेरा म्हणायचं नाही. आणि उजवं-डावं पेशंटचं, तुमचं नव्हे. पहिल्या महिन्यात सगळ्यांची गल्लत होते. मी रात्री आईला आरशासमोर बसवून तिचे दात मोजायचे.

तारांचेही आकडे असतात, इंचाच्या हजाराव्या भागात. 'फोर्टीन नायटाय' म्हणजे ०.०१४ इंच जाडीची गोल निकेल-टायटॅनियमची तार. 'नाइन्टीन ट्वेंटी-फाइव्ह स्टील' म्हणजे ०.०१९ बाय ०.०२५ इंचाची चौकोनी स्टीलची तार. नायटाय कशीही दाबली तरी आपल्या मूळ कमानीत परत यायला धडपडते, म्हणून सुरुवातीला वेड्यावाकड्या दातांना तीच. हा धातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला आणि १९७० च्या दशकात दातांकडे आला, हे सरांनी एकदा जेवताना सांगितलं होतं. डब्यावर आकडा वाचूनच तार काढायची, नजरेच्या अंदाजावर नाही. सोळा आणि अठरा डोळ्यांना सारख्याच दिसतात.

पेशंटच्या कार्डावर निकेलची ॲलर्जी लिहिलेली आहे का तेही बघा. खोटे कानातले घातले की कान सुजतो का, असं विचारलं की बायका लगेच सांगतात.

हत्यारांत आधी एवढीच ओळखा: तार धरायचा वाइनगार्ट, ओ-रिंग (तार ब्रॅकेटला बांधणारी रबराची छोटी कडी) चढवायचा मॅथ्यू किंवा मॉस्क्विटो, ब्रॅकेट (दाताला चिकटवायचा छोटा तुकडा, ज्याच्या खाचेत तार बसते) धरायचा उलटा चिमटा जो दाबल्यावर उघडतो, बांधायची बारीक तार कापणारा लिगेचर कटर, आणि डिस्टल एंड कटर. हा शेवटचा तारेचं मागचं टोक कापतो आणि कापलेला तुकडा स्वतःच धरून ठेवतो. धार गेली की धरत नाही आणि तुकडा पेशंटच्या घशाकडे उडतो. म्हणून दर आठवड्याला जुन्या तारेवर कापून बघा. तुकडा निसटला तर कटर बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

५. ट्रे लावता आली की केस कळली

हे मला कोणी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

ऑर्थोचा पेशंट चार ते सहा आठवड्यांनी येतो आणि उपचार दीड-दोन वर्षं चालतो. ठरलेल्या वारी दाराशी वीस जण असतात आणि त्यातला प्रत्येक जण वेगळ्या टप्प्यावर असतो. डॉक्टरांनी तोंड उघडून बघेपर्यंत थांबलात तर प्रत्येकामागं पाच मिनिटं जातात, रात्रीचे साडेदहा होतात.

म्हणून आदल्या संध्याकाळी उद्याची कार्डं काढून बसा. मागच्या वेळी कोणती तार घातली? फोर्टीन होती आणि दात बरेच ओळीत आलेत असं लिहिलंय, तर सोळा किंवा चौकोनी नायटाय ट्रेजवळ ठेवा. स्टील येऊन जागा बंद करायचं चालू असेल तर पॉवर चेन, म्हणजे दात एकमेकांकडे ओढणारी रबराची साखळी. शेवटच्या टप्प्यात असेल तर ब्रॅकेट काढायचा प्लायर आणि रिटेनरचं माप घ्यायची तयारी. अंदाज चुकला तरी हरकत नाही, डॉक्टर सांगतील ती तार द्यायची. पण सहा महिन्यांत तुमचे दहापैकी आठ अंदाज बरोबर येऊ लागतात, आणि मग डॉक्टर बोलायच्या आत हातात हत्यार पोचतं.

कार्डावर त्याच दिवशी लिहा, पेशंट खुर्चीतून उठायच्या आत. तारीख, वरची तार, खालची तार, रबर कुठून कुठं लावायला सांगितलं, कुठलं ब्रॅकेट निसटलं होतं. दात काढलेला असेल, तोंड साफ नसेल, तेही. फिरत्या डॉक्टरांना महिन्याभरानं त्या पेशंटचं काहीही आठवत नाही. तुमचं कार्ड हीच त्यांची आठवण.

६. ब्रॅकेट लावायचा दिवस

पेशंटला वाटतं हा दुखायचा दिवस. खरं तर दुखत काही नाही, पण तासभर तोंड उघडं ठेवावं लागतं. आधी लघवीला जाऊन यायला सांगा. हसू नका, मधेच उठलेल्या पोरामुळं अख्खी एक बाजू पुन्हा करावी लागते.

क्रम असा. बिनतेलाच्या, फ्लोराइड नसलेल्या पेस्टनं दात घासायचे. धुवून कोरडे. ओठ-गाल ताणून धरणारा रिट्रॅक्टर, कापसाचे रोल, सक्शन. मग ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल असलेलं निळं जेल, साधारण १५ ते ३० सेकंद. धुवा, हवा मारा. दात खडूसारखा पांढरा दिसला पाहिजे. तो दिसला की पुढचा सगळा वेळ तुमचं एकच काम: थुंकी तिथं पोचू द्यायची नाही. लागलीच, तर लपवू नका, लगेच सांगा. लपवलेली थुंकी पंधरा दिवसांनी निसटलेलं ब्रॅकेट होऊन परत येते आणि फोन तुम्हालाच उचलायचा असतो.

मग बाँड (दातावर लावायचा पातळ चिकट द्रव), आणि इकडे तुम्ही ब्रॅकेटच्या पाठीवर चिकट कंपोझिट लावून चिमट्यातून द्यायचं. डॉक्टर जागेवर बसवतात, कडेचं जादाचं काढतात, निळा लाइट मारतात. खुर्चीवरचा मोठा दिवा या काळात बंद किंवा नारिंगी काचेआड ठेवा, नाहीतर मटेरियल हवेतच घट्ट होतं. आणि निळ्या लाइटकडे नुसत्या डोळ्यांनी बघू नका.

आता माझी चूक. ब्रॅकेटचा संच एका कार्डावर रांगेत चिकटवलेला येतो, प्रत्येक दाताचं वेगळं. दुसऱ्या वर्षी माझ्या कोपराचा धक्का लागून कार्ड पालथं झालं. सगळी उचलून मी अंदाजानं परत लावली आणि वरच्या दोन बाजूच्या दातांची, वन टू आणि टू टूची, अदलाबदल झाली. ब्रॅकेटला रंगाचा एक ठिपका असतो, बहुतेक कंपन्यांत हिरडीकडच्या मागच्या कोपऱ्यात, तो मी बघितलाच नाही. घाईत डॉक्टरांच्याही लक्षात आलं नाही. तीन महिन्यांनी ते दोन दात उलट्या दिशेला कलू लागले. मी सांगून टाकलं. सर रागावले, पेशंटच्या आईला स्वतः खरं सांगितलं, ब्रॅकेट बदलली. त्या मुलीचे तीन महिने मात्र गेले. तेव्हापासून कार्ड पडलं की मी काम थांबवते आणि डॉक्टरांसमोर एकेक ठिपका बघून लावते.

७. हत्यारं आणि कचरा

ऑटोक्लेव्हचा वेळ बटण दाबल्यापासून मोजायचा नसतो, १२१ अंश आणि १५ पाउंड दाब गाठल्यापासून मोजायचा. नेमकी मिनिटं तुमच्या मशीनच्या पुस्तिकेतून घ्या, पाकिटातल्या हत्यारांना उघड्यांपेक्षा जास्त लागतात. पाकिटाची पट्टी रंग बदलली म्हणजे वाफ तिथवर पोचली एवढंच कळतं, जंतू मेले की नाही ते नाही. त्यासाठी जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी वेगळी असते. प्लायर उघडे करून ठेवा, बिजागरीत पाणी राहिलं की गंजतात, आणि एक चांगला कटर महाग असतो.

कचऱ्यात नवख्या मुली एकाच जागी चुकतात: कापलेले तारेचे तुकडे. ते पांढऱ्या, टोक न घुसणाऱ्या डब्यात. रक्ता-थुंकीचा कापूस पिवळ्या पिशवीत. ग्लोव्हज, सक्शनच्या टिपा लाल. तार बोटात घुसली तर साबण-पाण्यानं धुवा, पिळू नका आणि त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ती जितक्या लवकर तितकी बरी, ७२ तासांनंतर उपयोग नाही. "एवढंसं तर टोचलंय" म्हणून घरी जाणाऱ्या दोन मुली मी पाहिल्यात.

८. फोनवरचं काम

तार टोचते: मेण लावायला सांगा, मेण संपलं असेल तर दवाखान्यात येऊन न्यायला. ब्रॅकेट सुटलं: तारेवर फिरत असेल तर ओढू नका, भेटीची वेळ घ्या. तार लावल्यावर दोन-तीन दिवस दात दुखतात, तेव्हा मऊ भात, खिचडी, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून. श्वास घ्यायला त्रास, चेहऱ्यावर सूज, घशात काही अडकलं, असं ऐकलं की सल्ला देत बसू नका, थेट डॉक्टरांना जोडा.

खाण्याची यादी पुस्तकातली देऊ नका, घरातली द्या. 'कडक पदार्थ टाळा' म्हटलं की पोरं मान डोलावतात आणि चिक्की खातात. नाव घेऊन सांगा: ऊस, शेंगदाण्याची चिक्की, कडबोळी, भाजलेलं कणीस थेट तोंडानं, पेरूच्या आख्ख्या फोडी. संक्रांतीनंतरचा आठवडा आणि दिवाळीनंतरचा आठवडा आमच्याकडे निसटलेल्या ब्रॅकेटचा असतो. त्या दिवसांत अपॉइंटमेंटमध्ये दोन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवा.

आणि पारदर्शक ओ-रिंग मागणाऱ्यांना आधीच सांगा की हळदीनं त्या चार दिवसांत पिवळ्या होतात. आमटी सोडणार नसाल तर राखाडी घ्या.

९. हात कुठं थांबवायचा

एका दवाखान्यात (नाव नको) सर वाहतुकीत अडकले की फोन यायचा, "तूच चेन बदल, तुला येतं." येत होतं हे खरं. मी दोनदा बदलली. तिसऱ्यांदा एका मुलीनं विचारलं, "ताई, तुम्ही डॉक्टर आहात का?" मी गप्प बसले. पुढच्या महिन्यात नोकरी सोडली.

दातांचे उपचार नोंदणी असलेल्या डॉक्टरांनीच करायचे असतात. काही बिघडलं तर तुमच्या पाठीशी कुठलंच रजिस्टर नाही. तार कोणती, ओढायची किती, ब्रॅकेट कुठं, हे तीन निर्णय असिस्टंटचे कधीच नसतात. आणि डॉक्टर दवाखान्यात नसतील तर पेशंटच्या तोंडात हत्यार जाणार नाही, एवढं पहिल्याच दिवशी गोड शब्दांत बोलून ठेवा. एक्सरेची फिल्मही पेशंटच्या तोंडात स्वतःच्या बोटानं धरू नका, पेशंटला किंवा होल्डरला धरू द्या.

१०. पगार आणि पुढची वाट

सांगलीत माझा पहिला पगार चार हजार होता. गाव, दवाखाना, वेळ यावर आकडा फार बदलतो, म्हणून आकड्यापेक्षा हे ठरवून घ्या: ऑर्थोच्या दिवशी नऊनंतर थांबलं तर काय मिळेल, रात्री घरी कसं जायचं, साप्ताहिक सुट्टी कुठली, पगार बँकेत येईल का. रोख घेत राहिलात तर पुढं काहीच सिद्ध करता येत नाही.

दोन-तीन वर्षांनी वाटा फुटतात. काही मुली फिरत्या डॉक्टरांबरोबरच जातात, त्यांची पेटी सांभाळतात. त्यात पैसे बरे, पण प्रवासात जीव जातो. ज्यांना बोलायला आवडतं त्या पेशंटला खर्च आणि हप्ते समजावण्याच्या कामाकडे वळतात. ज्यांचा हात बारीक कामात बसतो त्यांनी लॅबकडे बघावं, आता स्कॅनरवर जबडा टिपणं आणि अलाइनरच्या डिजिटल मॉडेलचं कामही बरंच निघालंय. बारावी सायन्स असेल तर हायजिनिस्टचा विचार कराच, नोंदणीचा फरक पगारात दिसतो.

लग्न होऊन अमेरिकेला गेलेल्या एकीनं विचारलं म्हणून सांगते: तिथं ऑर्थोच्या असिस्टंटसाठी डीएएनबी या मंडळाची स्वतंत्र परीक्षा आहे, मात्र असिस्टंटला काय करू द्यायचं ते प्रत्येक राज्य वेगळं ठरवतं. इंग्लंडात साध्या डेंटल नर्सलाही जीडीसीकडे, म्हणजे तिथल्या दंत परिषदेकडे, नोंदणी लागते. व्हिसावर काम करता येतं का हे त्याआधी बघा.

नोकरी सोडताना अनुभवाचं पत्र घ्या आणि त्यात कामं लिहून मागा: किती वर्षं, ऑर्थोचे दिवस आठवड्यातून किती, निर्जंतुकीकरण, ट्रेची तयारी, फोटो आणि माप, नोंदी. माझ्या पहिल्या पत्रात एकच ओळ होती, 'वर्तणूक चांगली'. पुण्यातल्या सरांनी ती वाचली, कागद बाजूला ठेवला आणि दोन तारा माझ्यापुढं धरल्या. "यातली सोळा कुठली?" मी म्हटलं, "डबा दाखवा सर." त्याच दिवशी लागले.